कार्डावरचे दोन खोटे आकडे

माझ्यासमोर टेबलावर एक माता-बाल संरक्षण कार्ड आहे. घडी घालून घालून मधोमध फाटलेलं, कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलेला. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या मुलीचं हे कार्ड. तिला इथे मी मंगल म्हणते. हे तिचं खरं नाव नाही. कार्डावर मंगलचं वय लिहिलंय १९. रक्तदाब लिहिलाय ११०/७०.

दोन्ही आकडे खोटे आहेत. मंगल तेव्हा १६ वर्षांची होती. आणि त्या दिवशी तिचा रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता. उपकेंद्रातल्या यंत्राचा पट्टा तीन महिन्यांपासून फाटलेला होता.

दसऱ्याच्या आधी, पाचव्या महिन्यात, मंगल या तपासणीला स्वतःच्या पायाने आली होती. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर टोळीत ऊसतोडीला गेली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहिलं. सातवा सरता सरता तिचं तोंड सुजलं, बांगड्या रुतायला लागल्या, डोकं ठणकायला लागलं. ‘डोळ्यापुढं काजवे चमकतेत’ असं तिने जावेला सांगितलं. पण एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा लागतो, उचलीतून पैसे कापले जातात. तिने डोक्याला फडकं बांधलं आणि मोळ्या वाहिल्या.

तिसऱ्या रात्री कोपीत तिला झटके आले. दातखीळ बसली, जीभ चावली गेली. टोळीतल्या कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. लिंबू उतरवण्यात दोन तास गेले. मग जीपने प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे रात्रीच्या पाळीला एकच सिस्टर, आणि झटक्यांवरचं इंजेक्शन संपलेलं. ‘पुढे न्या.’ पुढच्या ठिकाणी डॉक्टर नव्हते. ‘आणखी पुढे न्या.’ तिसऱ्या ठिकाणी, चौथ्या झटक्यानंतर, तिला मॅग्नेशियम सल्फेट मिळालं. मूल पोटातच गेलं होतं. मंगल दोन दिवस बेशुद्ध होती. ती जगली.

सरकारी भाषेत मंगल ‘जोखमीची माता’ होती. मला विचारायचंय, जोखमीची कोण होती? मंगल, की तिच्या भोवतालची ही सगळी माणसं, कचेऱ्या, कारखाने आणि रिवाज?

यादी पाठ केलेली बाई

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी एक यादी पाठ केली होती: गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचे जोखीम घटक. पहिलटकरीण. कोवळं वय किंवा पस्तिशीच्या पुढचं. जुळं. आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार. लठ्ठपणा. मागच्या खेपेला हाच त्रास. आई-बहिणीला हाच त्रास. दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर. परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले गुण मिळाले. पुढे मी याच यादीचे तक्ते रंगवले, वस्त्यावस्त्यांवर लावले आणि बायांना सांगितलं, ‘बघा, तुम्ही यात बसता का?’

यादी खोटी नाही. डॉक्टरांना ती लागतेच. पण ती वाचताना माझ्या लक्षात कधी आलं नाही की तिच्यातली ओळन् ओळ बाईच्या अंगाला चिकटवलेली आहे. तिचं वय. तिचं वजन. तिचं घराणं. जणू हे सगळं ती माहेरहून ट्रंकेत भरून घेऊन येते.

एकेक ओळ उलटून बघू या.

‘कोवळं वय.’ जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या आयांना एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांचा धोका विशीतल्या बायांपेक्षा जास्त असतो. कबूल. पण १६ वर्षांच्या मुलीचं लग्न मुलगी लावत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के, परभणीत ४८ टक्के. फडावर एकटा माणूस चालत नाही, जोडीचा कोयता लागतो. कोपीत वयात आलेली लेक एकटी ठेवायची भीती वाटते. मागे गावाकडे तिला सांभाळायला कुणी नसतं. म्हणून लग्न. तक्त्यावर आपण लिहितो, ‘जोखीम घटक : कमी वय.’ लिहायला हवं, ‘जोखीम घटक : ऊसतोडीची पद्धत.’

‘पहिलटकरीण.’ पहिल्या खेपेला हा आजार जास्त होतो हे खरं. पण लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हललाच पाहिजे हा हट्ट कुणाचा? तिला गर्भनिरोधक वापरायचं का, हे कोण विचारतं?

‘पस्तिशीच्या पुढे’ असलेल्या कित्येक जणी तीन मुलींनंतर ‘एकदा मुलासाठी’ म्हणून दिवस राहिलेल्या असतात. आणि ‘आहारात कॅल्शियमची कमतरता’? ज्या भागात कॅल्शियम पोटात कमी जातं तिथे गोळ्या दिल्याने हा आजार कमी होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली शिफारशीत सांगितलं. गोठ्यातल्या म्हशीचं दूध डेअरीला जातं, उरलं तर नातवाच्या वाटीत. सुनेच्या वाट्याला चहातला थेंब. कमतरता आहारात नाही, वाटपात आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या पुष्कळ जणी ‘पहिलटकरीण’ या एका ओळीपलीकडे यादीत कुठेच बसत नाहीत. चांगल्या धडधाकट असतात. म्हणून यादी लावून बाया निवडायच्या आणि बाकीच्यांच्या कार्डावर ११०/७० लिहायचं, हा मोठा धोका आहे. सुरुवातीला हा आजार दुखत नाही, खुपत नाही. तो एकाच गोष्टीने कळतो, मोजण्याने. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा वर, काही तासांनी पुन्हा मोजला तरी तेवढाच, आणि त्याबरोबर लघवीत प्रथिनं असली तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. प्रथिनं नसली तरी यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर परिणाम दिसला तर तोच. १६०/११० म्हणजे तातडीचा धोका. एक पट्टा, एक लघवीची पट्टी आणि पाच मिनिटं. एवढंच लागतं.

ती आणि मी

इथे माझंही सांगते. माझं बाळंतपण चौतिसाव्या वर्षी, शहरात झालं. सातव्या महिन्यात माझा दाब १५०/१०० निघाला. मलाही डोकेदुखी नव्हती, सूज नव्हती, काही नव्हतं. पण मोजला गेला. बसवून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला गेला. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून दोनदा तपासणी झाली, सदतिसाव्या आठवड्यात कळा आणवून बाळंत केलं. माझी मुलगी आज अंगणवाडीत गाणी म्हणते.

मंगल पहिलटकरीण, मीही पहिलटकरीण. यादी लावली तर वय, वजन आणि आईचा रक्तदाब धरून माझीच जोखीम वरचढ ठरली असती. तरी झटके तिला आले आणि मूल तिचं गेलं. आम्हा दोघींत फरक शरीराचा नव्हता. माझा आकडा खरा होता, तिचा खोटा होता.

नर्सबाईंनी खोटं का लिहिलं?

त्या नर्सबाईंना मी भेटले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. नव्या यंत्राची मागणी दोनदा लिहून दिलेली, उत्तर नाही. सरकारी निकषाप्रमाणे एका उपकेंद्रामागे ५००० लोकसंख्या. त्यांच्याकडे त्याहून जास्त. दिवसा लसीकरण, संध्याकाळी ऑनलाइन अहवाल. ‘रकाना रिकामा ठेवला की वरून फोन येतो, ताई. यंत्र नाही म्हणून कळवलं तर कुणाचाच येत नाही.’

एकाच गावातली कार्डं मी ओळीने मांडून पाहिली. ११०/७०, ११०/७०, ११०/७०. मधेच एखादं १२०/८०. जिवंत बायांचे दाब असे कवायतीला उभे राहिल्यासारखे एका रांगेत येत नसतात.

वयाचं खोटं आणखी अवघड आहे. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे असं खरं लिहिलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक. नवऱ्याला, बापाला अटक होईल या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात किंवा मुलीला तपासणीलाच आणत नाहीत. मुलींच्या रक्षणासाठी आपणच मागितलेला कायदा, पण तपासणीच्या दारात तो मुलीलाच मागे ढकलतो. बालविवाह थांबलाच पाहिजे. पण जिचा झालाय आणि जिच्या पोटात मूल आहे तिला औषध आधी मिळालं पाहिजे, पंचनामा नंतर. यावर आपल्या संघटनांमध्ये मतभेद आहेत, मला माहीत आहे. ते बोलायला हवेत, कारण आपण गप्प आहोत तोवर कार्डावर ‘१९’ लिहिलं जाणार आहे.

‘या बायका उशिराच येतात हो,’ हे वाक्य मी तिन्ही दवाखान्यांत ऐकलं. मंगल उशिरा आली नव्हती. ती पाचव्या महिन्यात आली होती. यंत्र आलं नव्हतं.

‘खोट’ कुणात आहे?

मंगल घरी परतल्यावर पुढचा अध्याय सुरू झाला. ‘पोरीत खोट आहे’, ‘फेफरं आहे, लपवून गळ्यात मारली’. चार महिन्यांत नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाली. मंगलच्या आईने मला बोलावून घेतलं.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, ‘मावशी, तुमची बाळंतपणं कशी झाली?’ त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ह्याच्या येळंला मलाबी आसंच झालतं. तीन दिस सुद नव्हती. देवरुष्यानं उतरवलं म्हनून वाचले.’

‘ह्याच्या येळंला’ म्हणजे मंगलच्या नवऱ्याच्या वेळेला.

मैत्रिणींनो, आता शास्त्र काय सांगतं ते ऐका. हा आजार सुरू होतो वारेत. वार गर्भाशयात नीट रुजत नाही, तिच्याकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. मग त्रासलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की तिच्या सबंध शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. दाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, यकृत, मेंदू सगळे भरडले जातात. आणि वार एकट्या आईची नसते. ती आई आणि बाप या दोघांच्या गुणसूत्रांतून घडते. नॉर्वेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या पुरुषाच्या एका जोडीदारणीला प्रीएक्लॅम्प्सिया झाला, त्याच्यापासून दुसऱ्या बाईला दिवस राहिले तर तिलाही तो होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. अमेरिकेतल्या युटा राज्यातला २००१ चा अभ्यास सांगतो की ज्याच्या स्वतःच्या जन्मावेळी आईला हा आजार होता, अशा मुलाच्या बायकोलाही तो होण्याची शक्यता वाढते.

म्हणजे दुसरी सून आणली असती तर काही धोका तिच्याही वाट्याला आला असता. आपल्या कुठल्या कार्डावर ‘नवऱ्याच्या जन्मावेळी सासूला झटके आले होते का?’ असा रकाना आहे? ‘आई-बहिणीला त्रास होता का’ हे विचारतात, म्हणजे माहेर तपासतात. सासर तपासायचं कुणाला सुचत नाही.

मी हे सांगते ते खोटेपणाचा शिक्का बाईवरून उचलून पुरुषावर मारण्यासाठी नाही. उद्या लग्न जमवताना मुलाच्या आईचं बाळंतपण उकरून काढायला लागलात तर मला वाईट वाटेल. सांगायचं एवढंच की ‘खोट’ असली गोष्टच नसते. आजार असतो आणि त्याला उपाय असतात. सासूबाईंनाही ते कुणी सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं त्या स्वतःच्या वाचण्याचं श्रेय देवऋषीला देत होत्या आणि स्वतःच्या आजाराची शरम मनात ठेवून होत्या. ती शरम त्यांनी सुनेच्या पदरात टाकली. बाईच बाईची वैरी, असं म्हणणाऱ्यांनी त्या ओट्यावर बसून हे ऐकायला हवं होतं.

मीठ बंद, काम चालू

उपाय म्हणून घरोघर काय सांगितलं जातं? ‘मीठ बंद करा.’ ‘आराम करा.’ मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच तशी आहे. घरात पडून राहण्याने टळतो असाही पुरावा नाही. पण हे सल्ले मोडत नाहीत, कारण ते फुकट आहेत आणि पाळले नाहीत तर दोष बाईचा. ‘सांगितलं होतं, ऐकलं नाही.’ मोळी वाहणाऱ्या बाईला ‘आराम करा’ सांगणं तर क्रूर थट्टा आहे. तिला सल्ला नको, खाडा माफ हवा आणि बुडालेली मजुरी हवी.

जे उपयोगी पडतं ते स्वस्त आणि साधं आहे. कॅल्शियम : आपल्या सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन गोळ्या, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. बंगळूर आणि टांझानियात झालेला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमही १५०० इतकंच काम करतं. म्हणजे ‘परवडत नाही’ ही सबब आता उरलेली नाही. ज्यांना आधी हा त्रास झालाय त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रेतलं ॲस्पिरिन. दाबाच्या गोळ्या. आणि झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट. इतर औषधांपेक्षा हेच सरस, हे १९९५ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं. त्या चाचणीत भारतातल्या बायाही होत्या. २००२ साली ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक बायांवरच्या चाचणीने दाखवलं की प्रीएक्लॅम्प्सियात ते आधीच दिलं तर झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. पहिला डोस नर्सबाई देऊ शकतात, अशी सरकारी सूचना आहे. मंगलच्या रात्री ते इंजेक्शन त्या केंद्रात नव्हतं, याला ‘जोखीम घटक’ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आपण कुठे होतो?

आता थोडं आपल्याकडे वळते. आपल्या चळवळीने नेट-एनच्या इंजेक्शनविरुद्ध १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढून १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा मिळवला. ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये आवाज उठवला. मूल नको म्हणण्याच्या हक्कासाठी आपण जेवढ्या बोललो तेवढ्या, मूल हवं असताना जिवंत राहण्याच्या हक्कासाठी बोललो का? बाई म्हणजे केवळ आई नव्हे, हे ठासून सांगताना बाळंतपण आपण सरकारच्या ‘सुरक्षित मातृत्वा’च्या फलकांवर सोडून दिलं. तिथे ते रकाने बनून राहिलं.

‘महाराष्ट्रात मातामृत्यू खूप कमी झाले’ असं उत्तर मिळेल. झाले आहेत. २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. त्याचं श्रेय नर्सबाई, आशाताई आणि डॉक्टर या सगळ्यांना आहे. पण मंगल या आकड्यात नाही, कारण ती मेली नाही. तिचं मूल गेलं, तिची शुद्ध गेली, संसार जाता जाता राहिला. आणि धोका तिथे संपत नाही. झटके बाळंतपणानंतरही येतात. पुढे आयुष्यभर अशा बाईला हृदयविकाराची आणि पक्षाघाताची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. ‘बाळंत झाली, सुटली’ हे या आजारात खरं नाही.

म्हणून आपल्या मागण्या

१. प्रत्येक तपासणीत रक्तदाब खरोखर मोजला जावा आणि आकडा बाईला मोठ्याने सांगितला जावा. गटाच्या बैठकीत प्रत्येकीला शिकवा, ‘माझा आकडा किती?’ हे विचारल्याशिवाय उठायचं नाही.

२. यंत्र बंद असेल तर कार्डावर ‘यंत्र बंद’ असं लिहिण्याची नर्सबाईंना मुभा हवी, आणि तसं लिहिलं म्हणून त्यांच्यावर कारवाई नको.

३. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम आणि लघवीच्या पट्ट्या आहेत का, हे स्थानिक महिला गटांनी दर महिन्याला जाऊन पाहावं. साठा फलकावर लिहायला लावावा.

४. कारखान्याच्या हद्दीत टोळ्या उतरल्या की तिथल्याच आरोग्य केंद्राने गरोदर बायांची नोंद घ्यावी. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये. याची जबाबदारी मुकादमावर ढकलून कारखान्याने हात झटकू नयेत.

५. अठराच्या आतल्या गरोदर मुलीला भीतीविना तपासणी आणि उपचार मिळावेत.

६. मृत्यूच्या जशा चौकश्या होतात तशा मरता मरता वाचलेल्या बायांच्याही व्हाव्यात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचना त्यासाठी आहेत. त्या कपाटातून बाहेर काढाव्यात. चौकशीत त्या बाईचं म्हणणं ऐकलं जावं.

मंगलला आता पुन्हा दिवस राहिले आहेत. तिसरा महिना सरलाय. वय १९, या खेपेला खरंखुरं. सासूबाई स्वतः तिला घेऊन आल्या होत्या. ॲस्पिरिन सुरू झालंय, कॅल्शियम सुरू झालंय. यंदा ऊसतोडीला जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मागची उचल फिटलेली नाही. सगळं ठीक होईल असं आश्वासन मी तिला दिलेलं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. परवा तपासणीच्या खोलीतून ती बाहेर आली आणि मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, ‘ताई, एकशे अठरा, शहात्तर. मी बघितलं पट्टा लावताना.’

तुमच्या गावातली कार्डं काढून बघा. ११०/७० किती सापडतात, ते आम्हाला कळवा.